मधल्या हवेत गाणं कुठे असतं?

"आरं, ह्याची वायर कुठं हाय?"

आजोबांनी स्पीकर उलटा केला, सुलटा केला, कानाशी नेऊन हलवून पाहिला. तांब्याएवढा गोल डबा. निळा रंग, वर जाळी, एका बाजूला चार बटणं. आणि गाणं असं खणखणीत, की गोठ्यातली म्हैस मान वळवून बघायला लागली.

ही गेल्या दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. आमची भाचरं आजोळी आली होती. आमचं घर वेल्ह्याच्या वाटेवर. वेल्हे तालुक्याला आता राजगड तालुका म्हणतात, आणि ते नाव आमच्या अंगणात उभं राहिलं की लगेच पटतं. समोर खाचरं, खाचरांत कापणीला आलेला इंद्रायणी भात आणि त्यामागे आभाळाला टेकलेला राजगड. मामा सकाळी कामासाठी भोरला गेला होता. येताना पेठेतल्या दुकानातून भाचरांसाठी हा स्पीकर घेऊन आला. दुकानात सेल लागला होता, म्हणून स्पीकर सवलतीत मिळाला.

भाच्यानं फोन तुळशीच्या कट्ट्यावर ठेवला आणि स्पीकर अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, ओट्यावर. गाणं सुरू झालं. आजोबा उठून तुळशीपाशी गेले, फोनाला कान लावला. फोन गप्प! मग फोन आणि स्पीकर यांच्या मधोमध येऊन उभे राहिले, हवेत हात फिरवला आणि म्हणाले,

"गाणं तर फोनात हाय, वाजतंय डब्यात. मग तिथनं हितं ते आलं कसं? मधल्या हवेत गाणं कुठं हाय?"

भाचरं एकमेकांकडे बघत राहिली. रोज वायरलेस स्पीकर वाजवणाऱ्या कितीतरी माणसांना हा प्रश्न कधी पडत नाही. आजोबांना तो पहिल्या पाच मिनिटांत पडला. दोस्तांनो, आज आपण त्याचंच उत्तर शोधणार आहोत.

आधी सवलतीचं गणित

खोक्यावर छापील किंमत होती 2,000 रुपये. त्यावर 40 टक्के सूट. शिवाय दुकानदारानं दिवाळी म्हणून वरून आणखी 10 टक्के कमी केले. भाची टाळी वाजवून म्हणाली, "40 आणि 10 म्हणजे 50! अर्ध्या किमतीत मिळाला, हजार रुपयांत!"

मामानं पावती पुढे केली. पावतीवर 1,080 रुपये.

दुकानदार चुकला का? मुळीच नाही. 2,000 चे 40 टक्के म्हणजे 800. ते वजा केले, राहिले 1,200. पुढची 10 टक्के सूट मिळते ती या 1,200 वर, म्हणजे 120 रुपये. 1,200 वजा 120 बरोबर 1,080. एकूण सूट झाली 46 टक्के. सवलतीवर सवलत मिळते तेव्हा टक्क्यांची सरळ बेरीज करायची नसते, हे लक्षात ठेवा. बाजारात आईबाबांबरोबर असाल तेव्हा उपयोगी पडेल.

आता वळू आजोबांच्या प्रश्नाकडे.

आवाज म्हणजे धक्क्यांची रांग

भोरजवळ भाटघरचं धरण आहे. वेळवंडी नदीवरच्या या धरणामागच्या पाण्याला येसाजी कंक जलाशय म्हणतात. कधी त्या पाण्याच्या काठाशी उभं राहून खडा टाकलाय? गोल गोल लाटा पसरत जातात. पण पाण्यावर एखादं वाळकं पान तरंगत असेल तर त्याच्याकडे नीट बघा. लाट येते, पान वर उचललं जातं, खाली येतं आणि जवळपास तिथल्या तिथेच राहतं. लाट पुढे गेली, पाणी गेलं नाही! एका थेंबानं शेजारच्या थेंबाला फक्त धक्का दिला.

हवेतला आवाजही असाच असतो. ढोलावर टिपरू पडलं की चामडं आतबाहेर थरथरतं. ते बाहेर येतं तेव्हा हवेला ढकलतं, आत जातं तेव्हा हवेला जागा देतं. हवेचा एक कण शेजारच्याला ढकलतो, तो पुढच्याला. असे धक्के एका सेकंदात साधारण 340 मीटर पुढे सरकतात आणि तुमच्या कानाच्या पडद्यावर येऊन आदळतात. सेकंदाला कमी धक्के आले तर आवाज जाड, जास्त आले तर बारीक. सेकंदाला 20 पासून 20,000 पर्यंतचे धक्के माणसाचा तरुण कान ओळखू शकतो.

म्हणजे कुठलंही गाणं हे शेवटी हवेच्या धक्क्यांची एक लांबच लांब रांग असते. कोणता धक्का किती जोराचा आणि कोणत्या क्षणाचा, एवढं कळलं की गाणं कळलं.

गाण्याची नोंदवही

धरणावर पाणी मोजायची पट्टी असते. ठरावीक वेळानं पातळी बघायची आणि वहीत आकडा लिहायचा. वही नुसती चाळली तरी कळतं, की पावसाळ्यात पाणी कसं चढलं आणि उन्हाळ्यात कसं उतरलं. त्यासाठी धरण उचलून घरी आणावं लागत नाही!

गाणं साठवतानाही नेमकं हेच करतात. गायिका गाते तेव्हा हवेचा दाब क्षणाक्षणाला कमीजास्त होतो. यंत्र तो दाब मोजतं आणि आकडा लिहितं. पण तासाला एकदा नाही, दिवसाला एकदा तर नाहीच. सीडीवर गाणं साठवताना एका सेकंदात 44,100 वेळा मोजमाप घेतात! आणि प्रत्येक आकडा 65,536 पायऱ्या असलेल्या पट्टीवरचा असतो.

तीन मिनिटांच्या गाण्यात किती आकडे झाले असतील? 180 सेकंद गुणिले 44,100. झाले 79 लाख 38 हजार. डाव्या आणि उजव्या कानासाठी वेगळी नोंद असते, म्हणून याच्या दुप्पट.

एवढे सगळे आकडे वाहून नेणं जड पडतं. म्हणून फोन त्यांतले कानाला फारसे न जाणवणारे बारकावे गाळतो आणि उरलेलं नीट घडी घालून बांधतो. घडी कशी घालायची आणि कशी उलगडायची, याचे नियम आधीच ठरलेले असतात. फोनाला घडी घालता येते, स्पीकरला ती उलगडता येते.

आता आजोबांच्या प्रश्नाचं पहिलं अर्धं उत्तर मिळालं. मधल्या हवेतून गाणं जातच नाही. जाते ती गाण्याची नोंदवही. पुरणपोळीची कृती कागदावर लिहून मावशीला पाठवली, तर पाकिटाला पुरणाचा वास येतो का? नाही ना? पण कृती वाचता येणाऱ्या मावशीच्या घरी ताजी पोळी तयार होते. स्पीकरमध्ये वाजणारं गाणं हे असं तिथल्या तिथे, त्या क्षणी ताजं बनवलेलं असतं.

उरलं अर्धं उत्तर. ही वही कुणाच्या पाठीवर बसून जाते?

राजगडानं पाहिलेला उजेड

मी समोरच्या गडाकडे बोट दाखवलं आणि विचारलं, "आजोबा, सिंहगड घेतल्याची बातमी राजगडावर कशी आली?"

आजोबांचे डोळे चमकले. ही गोष्ट त्यांना पाठ. 4 फेब्रुवारी 1670 ची रात्र. तानाजी मालुसरे आणि त्यांचे मावळे कोंढाण्यावर, म्हणजे सिंहगडावर, चढले, लढाई झाली, तानाजी पडले, पण गड हाती आला. तेव्हा स्वराज्याची राजधानी होती राजगड. सभासदाच्या बखरीत सांगितलंय, की गड जिंकल्यावर मावळ्यांनी वर आग पेटवली आणि तिचा उजेड शिवाजी महाराजांनी राजगडावरून पाहिला. गड घेतला, हे त्यांनी ओळखलं.

सिंहगड ते राजगड हे अंतर आकाशातून सरळ रेषेत मोजलं तर सुमारे 15 किलोमीटर. कोणी घोड्यावरून बातमी आणायची तर मध्ये डोंगर, नद्या, काळोख. आवाज 15 किलोमीटर पोचला असता, तरी त्याला पाऊण मिनिट लागलं असतं. उजेडाला किती वेळ लागला? उजेड सेकंदाला 3 लाख किलोमीटर धावतो. एका सेकंदाचे वीस हजार तुकडे करा. त्यांतला एक तुकडा संपेपर्यंत उजेड सिंहगडावरून राजगडावर पोचलेला!

यातली खरी गंमत बघा. त्या उजेडात तलवारी नव्हत्या, मावळे नव्हते, "गड आला" असे शब्दही नव्हते. होता नुसता पिवळा उजेड. दुसऱ्या कुणाला वाटलं असतं, कुठेतरी वणवा लागलाय. पण राजगडावर त्या उजेडाचा अर्थ कळणारी माणसं वाट बघत उभी होती.

तार नसताना निरोप पाठवायला दोनच गोष्टी लागतात. एक, वाहून नेणारा उजेड. दोन, त्या उजेडाचा अर्थ दोन्ही टोकांना ठाऊक असणं. आपल्या निळ्या डब्यालाही याच दोन गोष्टी लागतात.

अर्ध्या वितीची लाट

"पण फोनातनं उजेड कुठं दिसतोय?" भाच्यानं विचारलं.

आपल्या डोळ्यांना दिसत नाही, पण फोनातून खरोखरच उजेडाचं एक भावंड बाहेर पडतं. त्याचं नाव रेडिओ लहर. उजेड आणि रेडिओ लहर एकाच घराण्यातली आहेत. दोघं एकाच वेगानं धावतात. फरक फक्त लाटेच्या लांबीचा. दिसणाऱ्या उजेडाच्या लाटा इतक्या बारीक, की एका मिलिमीटरमध्ये जवळजवळ दोन हजार मावतात. तुमच्या स्पीकरकडे येणारी एकेक लाट असते साडेबारा सेंटिमीटरच्या आसपास. अंगठा आणि करंगळी ताणून वीत करा. त्या वितीच्या साधारण अर्धी.

आपल्या डोळ्यांची खिडकी इतक्या लांब लाटांसाठी उघडत नाही, म्हणून त्या दिसत नाहीत. फोन आणि स्पीकर यांच्याकडे मात्र या लाटा पाठवणारी आणि पकडणारी तार असते. तिला अँटेना म्हणतात. म्हणजे तारेशिवाय चालणाऱ्या स्पीकरच्या पोटात एक चिमुकली तार आहेच!

या लहरी प्रयोगशाळेत पहिल्यांदा तयार करून दाखवल्या जर्मनीच्या हाइनरिश हर्ट्झ यांनी, 1887-88 च्या सुमारास. आणि 1895 मध्ये आपल्या देशात, कोलकात्यात, जगदीशचंद्र बोस यांनी काही मिलिमीटर लांबीच्या लहरी वापरून भिंतींच्या पलीकडची घंटा वाजवून दाखवली. ना तार, ना दोरी. जमलेली माणसं चकित झाली.

आपल्याच पुणे जिल्ह्यात उत्तरेला, नारायणगावजवळ खोडदला, अशा लहरी ऐकणारे फार मोठे कान आहेत. ते कान म्हणजे एक रेडिओ दुर्बीण, तिचं नाव जीएमआरटी. 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या तिथे आभाळाकडे तोंड करून उभ्या आहेत. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारानं ही दुर्बीण उभी राहिली. अवकाशातला हायड्रोजन वायू 21 सेंटिमीटर लांबीच्या रेडिओ लहरी सोडतो. म्हणजे जवळजवळ एक पूर्ण वीत! तुमच्या स्पीकरची लाट अर्ध्या वितीची, आभाळातल्या हायड्रोजनची एका वितीची. आकाशातून येणाऱ्या लहरी इतक्या क्षीण असतात, की दुर्बीण बघायला गेलेल्यांना मोबाइल बंद ठेवायला सांगतात. नाहीतर फोनाच्या गोंगाटात ताऱ्यांचं बोलणं हरवून जाईल.

79 घरांची लंगडी

एका अंगणात एकच स्पीकर असला तर ठीक. पण शेजारी दुसरा स्पीकर, तिसऱ्या घरात वायफाय, कुणाच्या कानात बिनतारी इअरफोन. सगळ्यांच्या लहरी साधारण एकाच लांबीच्या. मग आपल्या स्पीकरमध्ये शेजारच्यांचं गाणं कसं घुसत नाही?

याचं उत्तर एका खेळात आहे. जमिनीवर खडूनं घरं आखून, ठिकरी टाकून लंगडी घालत आपण खेळतो ना, तो खेळ. आता अशी कल्पना करा, की घरं सहाआठ नाहीत, 79 आहेत. प्रत्येक घर म्हणजे लहरींचा एक थोडासा वेगळा सूर. फोन आणि स्पीकर हातात हात घालून उड्या मारतायत. आत्ता 12 व्या घरात, लगेच 61 व्या, मग 5 व्या, मग 40 व्या. किती भरभर? सेकंदाला 1,600 उड्या! कुठल्या घरानंतर कुठलं घर, तो क्रम फक्त त्या जोडीला ठाऊक असतो. दुसऱ्या जोडीचा क्रम वेगळा. चुकून दोन जोड्या एकाच घरात आल्याच तर टक्कर होते तेवढ्या इवल्याशा क्षणापुरती, आणि हरवलेला तुकडा फोन पुन्हा पाठवतो.

ठिकरी पडलेल्या घरात पाय ठेवायचा नाही, हा नियमही इथे आहे. एखाद्या घरात वायफायची गर्दी असेल तर हुशार जोडी ते घर टाळून पुढे उडी मारते.

पहिल्यांदा फोन आणि स्पीकर जोडताना निळा दिवा लुकलुकतो, तेव्हा ही दोघं असंच काहीबाही ठरवत असतात. तुझं नाव काय, माझं नाव काय, क्रम कोणाच्या घड्याळाप्रमाणे, गुपित किल्ली कोणती. सगळं ठरलं की स्पीकर "टुडुंग" करतो. दोन्ही टोकांचं ठरलं!

अशा उड्या मारण्याच्या कल्पनेवर 1942 मध्ये अमेरिकेत एक पेटंट मिळालं होतं. ते कुणाचं असेल? हेडी लामार नावाच्या चित्रपट अभिनेत्रीचं आणि जॉर्ज अँथिल या संगीतकाराचं! त्यांच्या योजनेत घरं होती 88. पियानोला पट्ट्या असतात तेवढीच.

आणि फोन-स्पीकरला असं जोडणाऱ्या तंत्राचं ब्लूटूथ हे नाव? त्याचा अर्थ निळा दात. दहाव्या शतकात डेन्मार्कमध्ये हाराल्ड नावाचा राजा होता, त्याचं हे टोपणनाव. त्यानं वेगवेगळ्या टोळ्यांना एकत्र आणलं. वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं एकमेकांशी बोलती करणाऱ्या तंत्राला म्हणून त्याचं नाव दिलं. स्पीकरवरचं ते काट्याकुट्यांचं चिन्ह बघा. जुन्या उत्तर युरोपी लिपीतली त्या राजाच्या नावाची दोन आद्याक्षरं त्यात एकमेकांत गुंफलेली आहेत.

डब्याच्या पोटात

नोंदवही पोचली. आता स्पीकरला पुरणपोळी लाटायचीय, म्हणजे आकड्यांचे पुन्हा हवेचे धक्के करायचेत.

डब्यातली चिप आधी घडी उलगडते. मग आकड्यांप्रमाणे कमीजास्त होणारी वीज एका वेटोळ्यात सोडते. बारीक तांब्याच्या तारेचं हे वेटोळं एका जोरदार चुंबकाच्या फटीत अलगद बसवलेलं असतं. तारेतून वीज गेली की तार स्वतः चुंबकासारखी वागते, हे 1820 मध्ये ओर्स्टेड यांना होकायंत्राची सुई हललेली बघून कळलं होतं. वीज एका दिशेनं गेली की वेटोळं पुढे ढकललं जातं, उलट गेली की मागे ओढलं जातं. वेटोळ्याला चिकटवलेला असतो कागदाचा किंवा प्लास्टिकचा द्रोण. वेटोळं हललं की द्रोण हलतो, द्रोण हलला की हवेला धक्का बसतो. ढोलाच्या चामड्यासारखाच! फक्त इथे टिपरू विजेचं आहे. या रचनेचा आजच्यासारखा स्पीकर राइस आणि केलॉग या दोन अमेरिकी अभियंत्यांनी 1925 मध्ये मांडला. आता शंभर वर्षं झाली, पण मूळ युक्ती तीच.

तांब्याएवढ्या डब्यातून एवढा मोठा आवाज निघतो, याचं बरंच श्रेय चुंबकाला. 1980 च्या दशकात निओडिमियम धातूचे चुंबक तयार झाले. आकारानं सुपारीएवढे, पण ओढ जबरदस्त.

तरीही जाड आवाजाची अडचण उरतेच. ढोलासारखा घुमणारा आवाज काढायला खूप हवा हलवावी लागते आणि छोट्या द्रोणाला ती हलवता येत नाही. मग काय करायचं? नवरात्रात महालक्ष्मीपुढे घागर फुंकताना पाहिलंय? घागरीच्या तोंडाशी फुंकर घातली की आतली हवा डोलायला लागते आणि "घुंऽऽ" असा भारी आवाज निघतो. पोकळीतल्या हवेला स्वतःचा एक लाडका सूर असतो. त्या सुराला नेमका धक्का दिला की थोड्या श्रमात मोठा आवाज. तुमच्या स्पीकरच्या कडेला कधी रबरी चकती दिसते, ती हलकेच बोटानं चाचपून बघा. गाण्यात ढोल वाजला की ती धडधडते. तिला ना तार जोडलेली, ना चुंबक. डब्यात कोंडलेली हवाच तिला ढकलते. घागरीचीच विद्या, डब्यात बसवलेली!

या सगळ्याला ताकद पुरवते लिथियम-आयन बॅटरी. अशा बॅटऱ्या 1991 पासून बाजारात आल्या. त्या घडवण्यात ज्यांचा मोठा वाटा होता त्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना 2019 चं रसायनशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं. ती बॅटरी फुगलेली दिसली तर स्पीकर वापरायचा नाही, लगेच मोठ्यांना दाखवायचा. आणि चार्जिंग करताना स्पीकर गोधडीखाली किंवा उन्हात ठेवायचा नाही.

करून बघा

*दाण्यांचा नाच:* एका वाडग्यावर फुग्याचं रबर ताणून बसवा. त्यावर इंद्रायणीचे दहाबारा दाणे किंवा चमचाभर मोहरी टाका. स्पीकर अगदी जवळ आणा आणि ढोल-ताशा असलेलं गाणं लावा. हवेचे धक्के तुम्हाला चक्क दिसतील.

*पाठ फिरवा:* मोकळ्या मैदानात स्पीकर ठेवा. फोन शर्टाच्या खिशात ठेवून, स्पीकरकडे तोंड करून मागे मागे जा. गाणं तुटायला लागलं की थांबा. मग जरा पुढे येऊन पाठ फिरवा. गाणं पुन्हा तुटलं? तुमच्या अंगात पुष्कळ पाणी आहे आणि पाणी या लहरी शोषून घेतं. घरात असं फारसं होत नाही, कारण भिंतींवर आपटून लहरी दुसऱ्या वाटेनं पोचतात.

*लाडूचा डबा:* घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात फोन ठेवून झाकण लावा आणि स्पीकर हळूहळू लांब न्या. धातू या लहरी अडवतो. गाणं किती पावलांवर तुटतं? झाकण अर्धवट उघडल्यावर किती पावलांवर? दोन्ही आकडे वहीत लिहा.

*उशिराचा आवाज:* फोनावर एखादा खेळ खेळताना आवाज स्पीकरवर घ्या. बोट लावल्यावर आवाज किंचित उशिरा येतो. साधारण सेकंदाचा सहावा भाग. तेवढ्या वेळात रेडिओ लहर पृथ्वीला एक अख्खी फेरी मारून आली असती! मग उशीर कशानं? प्रवासाला नाही, तर घडी घालायला आणि उलगडायला वेळ लागतो.

पाऊस, गड आणि कान

आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. आषाढात घाटमाथ्यावर असा कोसळतो, की समोरचा तोरणा दिवसेंदिवस दिसत नाही. म्हणून स्पीकर घेताना खोक्यावर "आयपी" ही अक्षरं आणि त्यापुढचे आकडे बघायचे. आयपी67 असेल तर 6 म्हणजे आत धूळ जात नाही आणि 7 म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाला तरी पाणी आत शिरत नाही. मात्र भिजलेला स्पीकर पूर्ण वाळल्याशिवाय चार्जिंगला लावायचा नाही.

आवाज किती मोठा ठेवायचा? हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलताना ओरडावं लागलं, तर तो फार मोठा. कानाच्या आत खोल असलेल्या नाजूक पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. पेरायला त्यांचं बी मिळत नाही.

आणि स्पीकर कितीही हलका असला, सॅकच्या खिशात सहज मावत असला, तरी राजगड-तोरण्यावर तो बंदच ठेवा. सुवेळा माचीवरच्या नेढ्यात जाऊन बसा. डोंगराला आरपार पडलेलं ते भोक आहे. तिथे वारा अंगावरून जातो, खाली दरीत घार ओरडते, दूर गुंजवण्याच्या बाजूला कुणीतरी गुरांना हाळी देतं. हे धक्के कुठल्याही नोंदवहीत उतरवलेले नाहीत. ते तिथे गेल्यावरच ऐकायचे.

शेवटी आजोबांनी काय केलं

संध्याकाळी जेवणाआधी भाचरांना खाचरापलीकडच्या चुलत आजोबांकडे फराळाचा डबा द्यायला जायचं होतं. अंधार पडलेला. मी दोघांना एक टॉर्च दिला, आजोबांना एक. आणि ओट्यावर बसून आम्ही ठरवलं: दोनदा उघडझाप म्हणजे "पोहोचलो", तीनदा म्हणजे "जेवायला या".

पोरं बांधावरून निघाली. त्यांच्या गप्पा हळूहळू विरल्या. मग नुसते रातकिडे. आजोबा खांबाला टेकून पलीकडच्या काळोखात बघत होते. त्यांच्या मागे ओट्यावर तो निळा स्पीकर बंद ठेवलेला.

पलीकडे एकदम उजेड लुकलुकला. एक. दोन.

"पोचली पोरं," आजोबा म्हणाले.

इतक्यात दूध घेऊन शेजारचे काका अंगणात आले. त्यांनीही तो उजेड पाहिला होता. "कोण ओ ते खाचरात बॅटरी मारतंय?" त्यांनी विचारलं.

आजोबांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग पलीकडच्या अंधाराकडे, मग मान वळवून त्या निळ्या डब्याकडे. आणि हसले.

"मधल्या हवेत गाणं नसतंय," ते म्हणाले. "नुसता उजेड असतोय. गाणं दोन्ही टोकांना असतंय."

त्यांनी हातातला टॉर्च उंच धरला आणि बटण दाबलं. एक. दोन. तीन.

आणि बांधावरून धावत येणाऱ्या चार पायांचा आवाज लांबून ऐकू यायला लागला.